तीन नंबरच्या चॅनलचा ट्रेबल

सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

प्रिय इंद्रजीत,

('प्रिय' सवयीनं लिहून गेलो. त्याच्या भरवशावर पुढचं वाचू नकोस.)

माझ्यासमोर टेबलावर श्रेयाची गिटार उघडी पडलीय. तारा काढल्यात, वरचं प्लास्टिकचं पान काढलंय आणि मानेजवळच्या खाचेत तारांचा आवाज उचलणारा पिकअप नाही. शेजारी फडक्यावर तीन पिकअप मांडून ठेवलेत. त्यातला एक रविवारपर्यंत आत बसला पाहिजे, कारण सोमवारी बावीस तारीख आहे आणि बावीसला त्या पोरीची पुण्यात दुसऱ्यांदा परीक्षा आहे. दुसऱ्यांदा म्हणजे शेवटची. तिथल्या संगीत संस्थेत एकदा नाकारलेल्याला परत बोलावत नाहीत. हिला बोलावलं, कारण परीक्षकाला वाटलं की दोष पोरीत नसून गिटारीत आहे. दोष नेमका कुणात होता ते पुढं येईलच. त्यातलं बरंचसं तुला माझ्या आधी माहीत होतं, म्हणून तर हे पत्र तुला आहे.

श्रेयाला तू पाहिलेलं नाहीस. तू पैठणला शेतावर जाऊन बसल्यानंतरची ती. करमाडच्या कडुबाची मुलगी, एकोणीस वर्षांची. कडुबा शेंद्र्याला कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात मोसंबीची बाग बघतो. चार वर्षं दर रविवारी ही पोर जालना रोडनं मिळेल त्या गाडीनं माझ्याकडे येतेय, गिटार मांडीवर घेऊन, कधी उभ्यानं. इतक्या वर्षांत माझ्याकडे शंभरेक पोरं आली असतील, पण हात असा एकीचाच. बोटं तारेवर टेकली की मागची खुर्ची करकरायची थांबते. मी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. घरी बायकोला, दमयंतीला मात्र सांगायचो की हिला पुण्याला पाठवल्याशिवाय मी काही मरत नाही.

जो येईल त्याला मी एकच पाढा म्हणून दाखवतो, तुलाही तो पाठ असेल. पुलाजवळचा, म्हणजे तारा खाली टेकतात तिथला, पिकअप कसलाही बसवा, तो टोचणारच. खरी अक्कल मानेजवळचा निवडताना लागते. तिथं तार मोकळी हलते, आवाज गोल आणि भरदार येतो, आणि पिकअप बरा नसला तर सहा तारांचा कालवून वरणभात होतो. मानेजवळ स्वच्छ आणि लख्ख वाजणारा पिकअप ज्याला निवडता आला त्याला गिटार कळली. हे मी हवेत बोलत नव्हतो. चौऱ्याण्णव साली आपल्या ऑर्केस्ट्राच्या गिटारीचा पिकअप मी तुझ्या गुलमंडीच्या खोलीत खोलला होता. केसाएवढी बारीक तांब्याची तार, मी तिचे वेढे उलगडत होतो आणि तू दर थोड्या वेळानं म्हणत होतास, बस झालं, आता बिघडवशील. मी म्हटलं, अजून तीनशे वेढे. त्या शनिवारी जालन्याच्या लग्नात आपले व्हायोलिनवाले चाचा वाजवायचं थांबून माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले आता एकेक तार वेगळी ऐकू येतेय. त्या दिवशी तू हरलास आणि नंतर आवाजाच्या बाबतीत माझ्याशी कधी वाद घातला नाहीस. घालायला पाहिजे होतास.

गेल्या आठ-दहा वर्षांत मला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. जी गिटार हातात येईल तिचा मानेजवळचा पिकअप चिखल. नवी असो, जुनी असो, स्वस्त असो, महागडी असो, सगळ्या जणू पांघरूण घेऊन वाजतायत. मी कारखान्यांना शिव्या घातल्या, लोहचुंबकं भेसळीची म्हटलं, हल्लीच्या पोरांना मनगटच नाही म्हटलं. आणि उपाय करत सुटलो. वेढे कमी केले, चुंबक जोरकस घातले, पिकअप उचलून तारांच्या अगदी खाली आणले. तेवढ्यानं समाधान होईना तेव्हा टोनचा नॉबच निकामी करायची पद्धत सुरू केली. पोरांच्या हातात नॉब असला की ती तो मागं फिरवून आवाज मारून टाकतात, असं माझं म्हणणं. म्हणून आतली वायर तोडून टाकायची. वरून नॉब दिसतो, फिरतोही, आत कशालाच जोडलेला नसतो. या शहरात अशा निदान चाळीस गिटारी आज कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत. मुकुंदसरांकडून करून घेतलीय असं लोक मिरवून सांगतात. सांगत होते म्हणू या.

श्रेयाच्या परीक्षेआधी मी तिच्या गिटारीवर तीन रविवार घालवले. माझ्या मते आयुष्यातला सगळ्यात उत्तम पिकअप तिला बसवला. त्या दिवशी कडुबाही आला होता, दारापाशी स्टुलावर बसून ऐकत होता. पोरीचं वाजवून झाल्यावर त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "सर, मला त्यातलं काय बी कळत नाय, पन लई चिरकं वाजतंय हो. दाताला झोंबतंय." मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, तुलाही कळू दे तुझा मित्र काय चीज आहे ते. मी म्हटलं, "कडुबा, तुम्ही मोसंबीचं बघा, आवाजाचं मी बघतो." माणूस हसला. खोटं हसला. दमयंती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा देऊन आत निघून गेली. मला वाटलं, पाहुण्याशी तुसडेपणानं बोललो म्हणून रागावली.

पुण्यात काय झालं ते श्रेयानं मला धड सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की पिकअप बदलून या म्हणालेत. मी जो भडकलो! तारा छेडायचा तुझा पिक तिरका पडतो, तू तार खरवडतेस, माझ्या पिकअपला नावं ठेवणारा तो कोण टिकोजीराव, असं अर्धा तास तिला झापलं. पोर मान खाली घालून "हो सर" म्हणत राहिली. दोन दिवसांनी कडुबा एकटा आला. बस म्हटलं तरी बसला नाही. त्याच्याकडून कळलं. परीक्षकानं हिला मानेजवळच्या पिकअपवर संथ, मोकळे कॉर्ड वाजवायला सांगितले. मोठा हॉल, मोठा अॅम्प्लिफायर. दोन मिनिटांत परीक्षक म्हणाले, टोन जरा कमी कर. हिनं नॉब फिरवला. काहीच झालं नाही. ते म्हणाले, अजून कमी कर. हिनं पार शेवटापर्यंत फिरवला. समोर बसलेल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले. मग त्यांनी विचारलं, हे असं कुणी करून दिलंय? ही म्हणाली की माझ्या सरांनी, आणि ते करतात ते बरोबरच असतं. पुढचा तुकडा वाजवूच दिला नाही तिला. एवढं सांगून कडुबा मला म्हणाला, "पोरीनं तुमचं नाव खाली पडू दिलं नाय सर. पन म्या आज बी तेच म्हन्तो. चिरकंच हाय ते." आणि नमस्कार करून गेला. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडलो असतो, माझं काम सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून कानाच्या डॉक्टरांकडे जायला निघालो. कुठं जातोय हे सांगितलंही नव्हतं, तरी दमयंती चपला घालून सोबत आली. तिथं काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिटी ऐकू आली की दाबायचं. आधीच्या जाड जाड आवाजांना मी पटापट दाबत गेलो, मनात म्हटलं, बघा कान. मग सगळं शांत झालं. मी वाट बघितली. मशीन बंद पडलं असेल असं वाटून काचेपलीकडच्या मुलीला खूण केली की पुढचं लावा. ती उठून आली, दार उघडून वाकली आणि म्हणाली, "काका, पुढचं लावून तीन मिनिटं झाली."

इंद्रजीत, त्या तीन मिनिटांत माझं काय काय गेलंय ते डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवलं. जाड आवाजाला सरळ चाललेली रेघ वरच्या सुरांना आली की विहिरीत पडावी तशी खाली. त्यांनी विचारलं, नोकरी काय होती? म्हटलं, चिकलठाण्याला, पत्रे ठोकणारं प्रेस शॉप, सत्तावीस वर्षं. त्यांना पुढं काही विचारायची गरज पडली नाही. फक्त म्हणाले, कानात बोळे देत नव्हते का? देत होते ना. दोरीला बांधलेले, पिवळे. तपासणी आली की आम्ही गळ्यात अडकवायचो. बोळे घालणाऱ्याला आम्ही हसायचो, मी सगळ्यात जास्त हसायचो, कारण मी कलाकार, मला मशीनचा आवाज बिघडला की कानानं कळतो ही माझी ऐट. गेलेलं परत येत नाही म्हणाले. कानाला मशीन बसवलं की माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, गिटारीचं सांगता येत नाही. एकंदरीत काय, शहरातल्या गिटारींना काही झालं नव्हतं. पांघरूण माझ्या कानांवर होतं आणि ते फाडायला मी चाळीस पोरांच्या गिटारी उघडल्या.

इथपर्यंतचं मी गिळलं असतं. म्हातारपणी माणसाचं काही ना काही जातंच. पण परतताना रिक्षात मी दमयंतीला म्हटलं की आता हे इंद्रजीतला कुठल्या तोंडानं सांगू? तर ती बाहेर बघत म्हणाली, "भावजींना माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, त्याचा तेवढाच तर आनंद आहे वहिनी, तो काढून घेऊ नका."

नऊ वर्षं! मग मी तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. मी गिटारीचा आवाज चढवत नेला तेव्हा प्रेक्षकांत लोक तोंडं वाकडी करायला लागले, म्हणून आवाजाच्या मिक्सरवर बसून तू माझ्या चॅनलचा ट्रेबल, म्हणजे वरचा टोकदार आवाज, मागं घेतलास. तीन नंबरचा चॅनल. तो नॉब कुणी हलवू नये म्हणून त्यावर काळी टेप चिकटवलीस. ती टेप मी पाहिलेली आहे. मी तुला विचारलंही होतं आणि तू म्हणाला होतास की नॉब ढिला झालाय. स्टेजवर माझ्या पायाशी असलेला स्पीकर तू माझ्या मनासारखा चिरका ठेवायचास आणि लोकांना दुसरंच काही ऐकवायचास. कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन म्हणायचे, मुकुंदराव, काय स्वच्छ वाजतं हो तुमचं. मी तुझ्यासमोर माना डोलवायचो आणि तू वायरी गुंडाळत असायचास. तुला हसू यायचं का रे? की कीव यायची? मला वाटतं कीव. हसला असतास तर बरं झालं असतं, हसण्यावरून भांडता तरी आलं असतं.

ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत तीन वर्षं तू माझा नॉब मागं ठेवलास आणि नंतर सहा वर्षं स्वतःची जीभ. दुसरंच मला जास्त लागलंय. तुझ्या मिक्सरवर तू मला सांभाळलंस, ठीक आहे. पण तू पैठणला गेलास तेव्हा त्या पोरांना सांभाळायला कोण होतं? मी गिटारी उघडतोय, वायरी तोडतोय, लोक माझ्याकडे विश्वासानं येतायत, हे मी तुला दर दिवाळीला कौतुकानं सांगत होतो आणि तू शेतातला ऊस मला खाऊ घालत ऐकत होतास. एकदा तरी, एका वाक्यात, लेका मुकुंद, तुझे कान गेले, एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? मी चार शिव्या दिल्या असत्या. वर्षभर अबोला धरला असता. पण श्रेया पुण्याच्या त्या हॉलमध्ये मेलेला नॉब फिरवत बसली नसती. तुझ्या चांगुलपणाची किंमत तिनं चुकती केलीय, तू नाहीस आणि मीही नाही.

दमयंतीवरही मी खूप ओरडलो. ती म्हणाली की तुम्हाला सांगून बघायची हिंमत या घरात कुणाला होती? तेव्हा तू एकटाच गुन्हेगार आहेस असं मी म्हणत नाही. घरात मी असा वागलो की खरं बोलणाऱ्याला मोसंबीकडे बघ म्हणून सांगायचं. ते कबूल. पण ती बायको आहे, तिला माझ्याबरोबर राहायचं होतं. तुझ्यावर तर असली काही सक्ती नव्हती.

आता या तीन पिकअपांचं. पहिला मी बसवलेला तोच, सगळ्यांना झोंबलेला. दुसरा गिटारीबरोबर मूळचा आलेला, जाड आणि सुस्त, तिला तो कधीच आवडला नव्हता आणि तिचं बरोबर होतं. तिसरा मी गेल्या आठवड्यात नव्यानं गुंडाळला, मधल्या वेढ्यांचा, चुंबक मवाळ, टोनचा नॉब पुन्हा जोडून. मीटर लावला की आकडे चांगले दिसतात. पण आकड्यांवरून स्वयंपाकातलं मीठ कळत नाही तसंच हे आहे. वाजवून बघितलं तर मला दुसरा आणि तिसरा एकसारखेच वाटतात आणि पहिला तेवढा गोड लागतो. म्हणजे ज्यानं पोरीचं वाटोळं केलं तोच माझ्या कानांना अजून आवडतोय! परीक्षेत तिला मानेजवळचा आवाज स्वच्छ आणि लख्खच हवाय, त्यात काही बदललेलं नाही. पण लख्ख कुठं संपतं आणि चिरकं कुठं सुरू होतं, ती जागा माझ्या कानांच्या पलीकडं गेलीय.

तू म्हणशील, पोरीलाच निवडू दे. तेही करून बघितलं. काल तिला बोलावून तिन्ही ऐकवले आणि विचारलं, कुठला? ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, सर, तुम्हाला जो बरोबर वाटतो तो. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की पहिला पिकअप तिलाही पहिल्या दिवसापासून टोचत होता. पण सरांना आवडतोय म्हणजे आपलेच कान कच्चे असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. चार वर्षांत मी तिला हे शिकवलं! बोटं तयार केली आणि कान मारून ठेवले. माझे कान प्रेसनं खाल्ले, तिचे मी.

म्हणून लिहितोय. रविवारी सकाळच्या एसटीनं इकडे ये. श्रेया आणि कडुबा दहाला येतील. पिकअप मी बसवीन, वायरींना डाग मी देईन, माझे हात अजून शाबूत आहेत. ऐकायचं काम तुझं. पण आधी पोरीला विचार आणि ती जे म्हणेल ते बरोबर असेल तर माझ्यासमोर, कडुबासमोर, मोठ्यानं सांग की हिचं बरोबर आहे आणि मुकुंदचं चुकलं. मी तिला सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, सर मोठेपणानं म्हणतायत. ऐकू येणाऱ्या माणसानंच ते म्हणायला हवं. माझे कान गेल्याचं तिला अजून माहीत नाही, ते मी रविवारी माझ्या तोंडानं सांगणार आहे, तेवढ्यात मध्ये पडून मला वाचवू नकोस. कडुबाची माफीही मी तुझ्यादेखत मागणार आहे. तुला मी माफ केलेलं नाही आणि चहा पाजला म्हणजे केलं असं समजू नकोस. पण या अख्ख्या मुलखात स्वच्छ कुठलं आणि चिरकं कुठलं हे ज्याला कळतं आणि ज्याच्याकडे मला मान खाली घालून मागता येतं असा माणूस तू एकटाच आहेस, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

तुझाच, दुसऱ्या कुणाचा व्हायचं वय उरलेलं नाही म्हणून,
मुकुंद